करटोलीच्या वेलाला फुलं भरपूर, फळ एकही नाही – काय चुकतंय?

कुंपणकाठ (प्रश्न)

उत्तर कोकणात, घरामागच्या कुंपणावर करटोलीचे तीन वेल आहेत. गेल्या मोसमात पिकून फुटलेल्या फळांतल्या बिया धुऊन, सुकवून ठेवल्या होत्या. जूनच्या सुरुवातीला दहा बिया लावल्या, त्यांतल्या तीनच उगवल्या. दोन वेल जमिनीत आहेत, एक 20 लिटरच्या बादलीत. माती जांभ्याची, त्यात निम्मं शेणखत. वेल आठ-नऊ फूट चढलेत, पानं हिरवीगार.

ऑगस्टच्या मध्यापासून फुलं येताहेत. दोन वेलांवर रोज दहा-बारा फुलं दिसतात आणि दुसऱ्या दिवशी देठासकट गळून पडतात. बादलीतल्या वेलावर फुलं कमी, पण त्यांच्याखाली हरभऱ्याएवढं काटेरी हिरवं बोंड असतं. ते तीन-चार दिवसांत पिवळं पडून गळतं. रोग दिसत नाही, किडाही दिसत नाही.

खत कमी पडतंय की जास्त झालंय? कारल्याचा वेल शेजारीच आहे, त्याला मात्र फळं लागताहेत. त्याच्या परागाचा उपयोग होईल का? बादली पुरेल की कंद जमिनीत हलवावा? आणि पावसाळा संपल्यावर या वेलांचं करायचं काय, तेही सांगा.

---

मांडवाखाली

खताचा प्रश्न नंतर बघू, आधी फुलं नीट बघा. करटोलीत नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा असतो. कारलं, दोडका, दुधी, काकडी यांच्यात एकाच वेलावर दोन्ही फुलं येतात, म्हणून तो एकटा वेलही फळतो. करटोलीचा एकटा वेल कितीही फुलला तरी फळणार नाही. तुमच्या वर्णनावरून जमिनीतले दोन्ही नर आहेत आणि बादलीतली मादी आहे. म्हणजे तुमच्याकडे जोडी जमलेली आहे, फक्त पराग पोचत नाहीये.

ओळखायची खूण सोपी आहे. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली सुरुवातीपासूनच छोटं काटेरी बोंड असतं, कळी असतानाही ते दिसतं. नर फुलाचा देठ लांब आणि सडसडीत असतो, बोंड नसतं, आणि कळीला कवेत घेणारं टोपीसारखं एक हिरवं छद (फुलाजवळचं छोटं पान) असतं. मादीच्या देठावरही छद असतं, पण अगदी बारीक आणि खाली बुडाशी. फुलाच्या आत पाहिलंत तर नराच्या मध्यभागी पिवळट-नारिंगी परागकोश दिसतील, बोट लावलं की पूड लागते. मादीत फाटे फुटलेली चिकट हिरवट कुक्षी, म्हणजे पराग धरणारा भाग, असते. फुलं येईपर्यंत मात्र पानांवरून किंवा खोडावरून नर-मादी सांगता येत नाही. सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आता वेळ. आपल्याकडची रानातली करटोली संध्याकाळी फुलते. दिवस मावळताना कळी सैल होते आणि सात-साडेसातच्या सुमारास फूल पूर्ण उघडतं, मंद वास येतो. तिचं परागण रात्री उडणारे पतंग करतात. दिवसा कारल्यावर येणाऱ्या मधमाश्या तिच्या कामाच्या नाहीत. घराभोवती दिव्यांचा उजेड असला, किंवा नेमका त्याच वेळी पाऊस कोसळला, तर पतंग फिरकत नाहीत आणि परागही भिजून निकामी होतो. शेजारचं कारलं फळतंय आणि हे फळत नाही, याचं कारण एवढंच.

कारल्याच्या परागाचा उपयोग नाही. कूळ एक असलं तरी जाती वेगळ्या आहेत: करटोलीत 28 गुणसूत्रं, कारल्यात 22.

तेव्हा हाताने परागण करा. संध्याकाळी सात ते नऊ ही उत्तम वेळ. नुकतंच उघडलेलं नर फूल देठासकट तोडा, पाकळ्या मागे दुमडा किंवा काढून टाका आणि परागकोश मादीच्या कुक्षीवर दोन-तीनदा हलकेच टेकवा. घासू नका, कुक्षी नाजूक असते. कुक्षीवर पिवळी पूड डोळ्यांना दिसली पाहिजे. एका नर फुलावर तीन-चार मादी फुलं आरामात होतात. संध्याकाळी जमत नसेल तर नर फुलं उघडताच तोडा, ओलसर फडक्यासोबत झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत लावा. मादी फूल सकाळपर्यंत पराग स्वीकारतं, पण यश थोडं कमी मिळतं. त्यानंतर उशीर होतो.

पावसाची चिन्हं असतील तर दुपारीच, उद्या नव्हे आज उघडेल अशा फुगलेल्या पिवळसर नर कळ्या तोडून घरात पाण्यात ठेवा. त्या संध्याकाळी घरात उघडतात आणि पराग कोरडा मिळतो. परागण झाल्यावर मादी फुलावर कागदी कप उलटा अडकवा, सकाळी काढा. पावसाळी भागात निम्मं अपयश ओल्या परागाचं असतं.

ज्या फुलावर काम केलं त्याच्या देठाला रंगीत दोरा सैल बांधा. चार-पाच दिवसांत बोंड गडद हिरवं होऊन फुगलं आणि देठ खाली वाकला, की फळ धरलं. पिवळं पडलं तर धरलं नाही. दोऱ्यामुळे कुठल्या दिवसाचं काम वाया गेलं ते कळतं, आणि तोडणीचा दिवसही मोजता येतो.

अजून एक, आणि हे मनापासून सांगतो: ते दोन नर उपटू नका. फळ देत नाही म्हणून अशा वेलाला ‘वांझ करटोली’ म्हणतात. आयुर्वेदातही वंध्या कर्कोटकी हे नाव आहे. परसात तो ‘वांझ’ म्हणून उपटला जातो आणि पुढच्या वर्षी उरलेल्या मादीही फळायच्या थांबतात. आठ ते दहा मादींमागे एक नर पुरतो, पण तो एक लागतोच.

---

काटवल

आमच्याकडे विदर्भात हिला काटवल म्हणतात. वरचं सगळं बरोबर आहे, मी माती आणि कंदाचं लिहितो.

निम्मं शेणखत फार झालं. नत्र जास्त झालं की वेल पानांत जातो, फुलं उशिरा आणि कमी येतात. त्याहून मोठा धोका असा की शेणखत पाणी धरून ठेवतं आणि कोकणच्या पावसात कंद कुजतो. करटोली मुळात डोंगरउताराची, झुडपांच्या कडेची वेल आहे. पाऊस तिला हवा असतो, साचलेलं पाणी नको असतं. चोवीस तास पाणी साचलं तरी कंदाच्या बुडाशी मऊ तपकिरी डाग पडतो. वर पानं दुपारी मान टाकतात, आपण पाणी कमी पडलं समजून आणखी ओततो आणि वेल संपतो. माती ओली असताना पानं मलूल दिसली तर पाणी बंद करा आणि बुडाशी चर काढा.

बादलीसाठी मिश्रण: दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा. त्यात 100 ग्रॅम निंबोळी पेंड आणि 50 ग्रॅम हाडांचा चुरा. तळाला किमान सहा-आठ भोकं, प्रत्येक बोटाच्या जाडीचं, आणि बादली दोन विटांवर उचललेली. भोकं जमिनीला टेकली की बुजतात. 20 लिटरमध्ये एक वेल पहिल्या वर्षी निभावतो, पण कंद दरवर्षी वाढतो. दुसऱ्या हंगामासाठी 15 इंच रुंद आणि तितकीच खोल ग्रो बॅग घ्या किंवा जमिनीत हलवा. आत्ता मात्र हात लावू नका. फुलावर असलेला वेल हलवला तर फुलं, पानं सगळं टाकतो. हलवायची वेळ म्हणजे वेल वाळल्यावर.

जमिनीत लावताना दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा, त्यात चार-पाच किलो शेणखत मातीत मिसळून आणि 200 ग्रॅम निंबोळी पेंड. तुमच्याकडे खड्डा भरून वर अर्धा फूट उंचवटा करा आणि कंद त्या उंचवट्यात लावा. आळं करून मध्ये खोलगट ठेवायची पद्धत कमी पावसाच्या भागात ठीक, जांभ्यावर चार महिने कोसळणाऱ्या पावसात तेच आळं डबकं होतं. दोन वेलांत दीड ते दोन मीटर अंतर. कंद दोन-तीन इंच खोल, डोळ्यांची बाजू वर. ज्या टोकाला जुन्या खोडाचा वाळका खुंट किंवा त्याचा वण असतो ते वरचं टोक. निमुळतं टोक खाली. उलटा लावला तरी कोंब येतो, पण वळसा घालून उशिरा येतो.

वरखत एकदाच: वेल दोन-तीन फूट झाला की अर्धा किलो गांडूळखत आणि मूठभर राख, खोडापासून वीतभर लांब. कळ्या दिसल्यावर युरिया अजिबात नाही.

आधार सहा फुटांपर्यंत पुरे. त्याहून उंच गेला की हाताने परागण करता येत नाही आणि फळ पानांत लपून पिकून जातं. नायलॉनची मोठ्या भोकांची जाळी उभी ताणा. मांडवापेक्षा उभी जाळी बरी, कारण दोन्ही बाजूंनी फुलं दिसतात. नर आणि मादी शेजारी असतील तर वेल एकमेकांत जाऊ देऊ नका. गुंतले की वेल वाळताना कुठला कोणाचा ते कळत नाही.

कंदाचे तुकडे करूनही वेल वाढवता येतात. दोन-तीन वर्षांचा मोठा कंद उभा चिरायचा, प्रत्येक फोडीला वरच्या टोकाचा एखादा तरी डोळा आला पाहिजे. कापाला राख लावून दोन दिवस सावलीत सुकवायचा आणि मग लावायचा.

---

कुंपणकाठ

खूप आभार. विजेरी घेऊन पाहिलं, अगदी तसंच आहे: जमिनीतले दोन्ही नर, बादलीतली मादी. फूल पावणेआठला पूर्ण उघडलं. पाच मादी फुलांना पराग लावला, आज सहावा दिवस. तीन फुगली आहेत, दोन पिवळी पडून गळाली.

पण फुगलेल्यांपैकी एकावर सुईच्या टोकाएवढा डाग आहे आणि तिथून चिकट तपकिरी थेंब आलाय. फळ त्या बाजूने वाकडं वाढतंय. हे काय? आणि एकच मादी असल्यावर पुढच्या वर्षी मादी वेल वाढवायचा खात्रीचा मार्ग कोणता? पहिल्या वर्षाचा कंद चिरावा का?

---

वाफा आणि वरंबा

तो डाग फळमाशीचा आहे. कारल्यावर असते तीच माशी, शेजारच्या वेलावरूनच आली असणार. कोवळ्या फळाच्या सालीखाली ती अंडी घालते, एक-दोन दिवसांत अळी निघते आणि आतला गर खात जाते. आठवडाभरात अळी फळातून बाहेर पडून मातीत वरच्या थरात कोषात जाते, तिथून पुन्हा माशी. हे चक्र तीन आठवड्यांच्या आत फिरतं, म्हणून ऑगस्टमध्ये एक डाग दिसला तर सप्टेंबरमध्ये निम्मी फळं जातात.

डागाळलेलं फळ आजच तोडा. ते वाचत नाही. कंपोस्टमध्ये किंवा कुंपणापलीकडे टाकू नका. जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर उन्हात ठेवा किंवा साबणाच्या पाण्यात दोन दिवस बुडवून ठेवा. कारल्याच्या वेलाखाली पडलेली फळंही रोज उचला. तिथली उचलली नाहीत तर करटोलीवर काहीही करून उपयोग नाही.

क्यू-ल्यूरचा कामगंध सापळा लावता येईल. तो फक्त नर माश्यांना ओढतो, त्यामुळे एकट्या सापळ्याने फळ वाचत नाही, पण पिढी कमी होते. वेलाच्या अगदी अंगावर न लावता चार-पाच मीटर दूर, छातीच्या उंचीवर टांगा. आतली आमिषाची वडी साधारण सहा आठवड्यांनी बदला. पावसाचं पाणी आत गेलं की काम थांबतं, तेव्हा भोकं बाजूला असलेला सापळा घ्या.

थोडी फळं असतील तर सगळ्यात खात्रीचा उपाय पिशवी. परागणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, फळ बोराएवढं झालं की पातळ सुती कापडाची किंवा बटर पेपरची छोटी पिशवी चढवून देठाशी दोऱ्याने बांधा. खालचा एक कोपरा किंचित कापा म्हणजे पाणी साचणार नाही. प्लास्टिकची पिशवी वापरू नका, आत घाम धरतो आणि फळ बुरशीने जातं. उशीर केलात आणि माशीने आधीच अंडी घातली असतील तर पिशवीत आपण अळीच पाळतो, म्हणून दिवस महत्त्वाचा.

भुरीकडेही लक्ष ठेवा. सप्टेंबरच्या शेवटी पाऊस उघडला, दिवसा ऊन आणि रात्री दव पडायला लागलं की पानांवर पांढरी पूड दिसते. पहिली दोन-चार पानं काढून टाका. एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण सकाळी पानांच्या दोन्ही बाजूंना फवारा, आठवड्याने पुन्हा. वाढली तर पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक, लिटरला दोन ग्रॅम, पण कडक उन्हात मुळीच नाही, वेलवर्गाची पानं गंधकाने भाजतात. ऑक्टोबरच्या शेवटी भुरी आली तर काही करू नका, वेल तसाही वाळणार असतो.

मुळांना गाठी करणाऱ्या सूत्रकृमीचा मात्र विचार करा, कारण त्याच जागी कारलं, भेंडी, टोमॅटो, वांगी लावली जातात. बादली रिकामी कराल तेव्हा बारीक मुळं पाहा. मण्यांसारख्या गाठी ओळीने दिसल्या तर ती माती पुन्हा वापरू नका, कंद धुऊन नव्या मातीत लावा. जमिनीत वेलाभोवती झेंडू आणि दरवर्षी निंबोळी पेंड.

---

मांडवाखाली

कंद चिरण्याबद्दल ‘काटवल’ यांच्याशी थोडी असहमती आहे. तीन वर्षांच्या कंदाला त्यांची पद्धत योग्य. पहिल्या वर्षाचा, तोही बीपासून आलेला कंद लिंबाएवढा किंवा लहानशा मुळ्याएवढा असतो. तो चिरला तर दोन अशक्त फोडी होतात आणि पावसाच्या सुरुवातीला दोन्ही कुजण्याची भीती. तुमच्याकडे मादी एकच आहे. ती पणाला लावू नका.

त्याऐवजी आत्ताच दाब कलम करा. मादी वेलाची खालची, थोडी जून झालेली फांदी निवडा. तिच्या एका पेराखाली मातीची छोटी कुंडी ठेवा, पेराजवळची पानं काढा आणि ते पेर इंचभर मातीत दाबून वर दगड किंवा तारेचा आकडा लावा. शेंडा बाहेर वाढू द्या. माती ओलसर राहिली की तीन-चार आठवड्यांत मुळं फुटतात. मुळं आल्यावर लगेच तोडू नका. वेल वाळेपर्यंत आईशी जोडलेलाच ठेवा, म्हणजे त्या पेराशी छोटा कंद तयार व्हायला वेळ मिळतो. नुसती मुळं आली आणि कंद धरला नाही, तर ते रोप हिवाळ्यात मरतं, पुढच्या पावसात उगवत नाही. सप्टेंबरच्या मध्यानंतर केलेली दाब कलमं बहुतेक याच कारणाने वाया जातात. दोन-तीन पेरं एकदम दाबा, सगळी यशस्वी होत नाहीत.

दोन-तीन पेरांचे छाट लावूनही जमतं. ओलसर वाळू-कोकोपीटमध्ये, सावलीत, वरून पारदर्शक पिशवी झाकून. पण छाट जुलैमध्येच घ्यायला हवेत, आता उशीर झालाय. दोन्ही मार्गांचा फायदा असा की मादीपासून मादीच मिळते.

बिया लावायच्या असतील तर हिशोब आधी करा. बीपासून नर की मादी हे जवळपास निम्मं-निम्मं. तीन रोपं उगवली तर तिन्ही एकाच लिंगाची निघण्याची शक्यता चारात एक. सहा रोपं असतील तर तीच शक्यता बत्तिसात एक. म्हणून किमान सहा रोपं फुलेपर्यंत सांभाळायची आणि मग जास्तीचे नर काढायचे.

दहातल्या तीनच उगवल्या हे अपेक्षितच होतं. करटोलीच्या बीचं कवच कठीण असतं आणि ताजं बी काही महिने सुप्त असतं. पूर्ण पिकून नारिंगी झालेलं, स्वतःहून फुटलेलं फळ घ्या. बीभोवतीचा लाल गर चोळून धुवा आणि सावलीत सुकवून कागदी पाकिटात ठेवा. मे महिन्याच्या शेवटी नखं कापायच्या कात्रीने कवचाची एक कड किंचित तोडा. टोकदार बाजू सोडून, कारण अंकुराचं मूळ तिथून निघतं. मग रात्रभर कोमट पाण्यात भिजवून पाऊण इंच खोल पेरा. सगळं कवच काढून आतला गर अखंड काढता आला तर उगवण आणखी चांगली होते, पण आतला भाग दुखावला की बी लगेच कुजतं, त्यामुळे हात बसेपर्यंत नुसती कड तोडणंच बरं.

तयार वाण हवा असेल तर रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाचा ‘इंदिरा कंकोडा-1’ आहे. कंदापासून 35 ते 40 दिवसांत पहिली तोडणी, बीपासून 75 ते 80 दिवसांत. कंद विकत घेताना ‘मादी 8 + नर 1’ असं लेबल लावून वेगवेगळे बांधलेले घ्या. एकाच पिशवीत मिसळलेले घेऊ नका.

ऑनलाइन मिळणारे कंद पुष्कळदा पूर्व भारतातल्या काकरोलचे असतात. फळ मोठं, 50 ग्रॅमच्या वर, आणि फूल पहाटे-सकाळी उघडतं. ते वाईट नाही, भाजी छान होते. पण तुमचा नर संध्याकाळी फुलतो आणि ती मादी सकाळी, त्यामुळे तिच्यासाठी तिच्याच जातीचा नर घ्यावा लागतो. संध्याकाळी विजेरी घेऊन उभं राहिलं आणि फूल मिटलेलंच दिसलं, तर आधी ही शंका घ्या.

---

पाटावरची भाजी

तोडणीचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. परागणानंतर दहा ते चौदा दिवस. काटे मऊ असतात, साल हिरवी, आतल्या बिया पांढऱ्या आणि नखाने दबतील अशा. हाच काळ भाजीचा. दोन-तीन दिवस चुकले की बी कडक होतं, भाजीत दाताखाली येतं. साल पिवळट व्हायला लागली म्हणजे आत गर लाल होतोय. ते फळ मग बियांसाठी वेलावरच राहू द्या, पण एका वेळी एक किंवा दोनच. पिकणारी फळं वेलावर राहिली की नवी मादी फुलं येणं मंदावतं. म्हणून दिवसाआड तोडणी सोडू नका, चारच फळं असली तरी.

देठ कात्रीने कापा, ओढू नका. खोड सुतळीएवढं असतं, ओढलं की वरचा सगळा वेल जातो. तोडलेलं फळ बाहेर ठेवलं तर दोन-तीन दिवसांत पिवळं पडतं. न धुता कापडी पिशवीत घालून फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकतं.

पहिल्या वर्षी एका मादीकडून फार मागू नका, वीस-पंचवीस फळं म्हणजे चांगलं. कंद मोठा होत जाईल तशी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी किलो-दीड किलोपर्यंत फळं मिळतील. कोवळे शेंडे आणि पानंही भाजीत चालतात, पण ती नर वेलाची खुडा, मादीची नको. नराचे शेंडे खुडल्याने त्याचा पसाराही आटोक्यात राहतो.

रानातून कंद आणायचा मोह होतो, त्याबद्दल. फुलं-फळं नसताना नुसत्या पानांवरून खणू नका. कवंडळ, शिवलिंगी हे वेलही त्याच झुडपांवर चढतात आणि ते खायचे नव्हेत. करटोलीचं पान हृदयाकृती किंवा तीन फाट्यांचं असतं, पण एकाच वेलावर दोन्ही तऱ्हा दिसतात, त्यामुळे पान हा पुरावा नाही. आणि ओळख पक्की असली तरी कंद खणला की रानातला तो वेल कायमचा गेला. पिकलेलं फळ आणा, बी लावा, वर सांगितलेल्या सहा रोपांच्या हिशोबाने.

पिशवी बांधायचा सल्ला एका-दोन वेलांना ठीक आहे. वेल चार-पाच झाले की ते जमत नाही. मग कंद लवकर उठवायचे: फेब्रुवारीच्या शेवटी पाणी द्यायला सुरुवात केली की मार्चमध्ये कोंब येतात आणि एप्रिलअखेर-मेमध्ये फळं सुरू होतात. त्या कोरड्या दिवसांत माशीचा त्रास कमी, आणि पराग ओला व्हायचीही भीती नाही. मात्र दिवसाआड दोन-तीन लिटर पाणी आणि दुपारच्या उन्हाला थोडी सावली द्यावी लागते.

---

काटवल

पहिल्या वर्षाच्या कंदाचं ‘मांडवाखाली’ म्हणतात ते बरोबर, मी मोठा कंद धरून लिहिलं होतं. दाब कलमच करा.

हिवाळ्याचं राहिलं होतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पानं पिवळी पडून वेल वाळतो. मेला समजून पाणी किंवा खत देऊ नका, कंद आत झोपी जातो. वेल पूर्ण वाळला की जमिनीपासून चार बोटं खुंट ठेवून कापा. जमिनीतले कंद तिथेच राहू द्या. वर पालापाचोळ्याचा पातळ थर आणि घुशी-उंदरांचा वावर असेल तर बारीक जाळीचा तुकडा, कडेला दगड ठेवून. बादली पाऊस न लागेल अशा सावलीत सरकवा. अवकाळी पावसाने भिजून थंडीत कुजलेले कंद वेल वाळल्यावर मेलेल्या कंदांत सगळ्यात जास्त असतात. बादलीतली माती अगदी धूळ झाली तर महिन्यातून एकदा कपभर पाणी, एवढंच, नाहीतर छोटा कंद सुरकुततो. मोठ्या पिशवीत हलवायचं असेल तर जानेवारीत, मुळं न तोडता, मातीच्या गोळ्यासकट.

एप्रिलपासून जमिनीवर लक्ष ठेवा. कोंब जांभळट, दोऱ्यासारखा बारीक असतो आणि तण म्हणून सहज उपटला जातो. तांबडे भुंगेरे याच वेळी पानांची चाळण करतात. सकाळी ते सुस्त असतात तेव्हा साबणाच्या पाण्यात झटकून टाका.

आणि हे आजच करा. वेल वाळल्यावर नर कंद आणि मादी कंद यांत काहीच फरक दिसत नाही. फुलं आहेत तोवर खुंटाशी खूण बांधा. मार्करची शाई पावसात-उन्हात उडते, म्हणून पेयाच्या रिकाम्या कॅनच्या पत्र्याची पट्टी कापून त्यावर खिळ्याने ‘न’ किंवा ‘मा’ आणि वर्ष कोरा. एक पट्टी खोडाला तारेने सैल बांधा, दुसरी कंदाशेजारी मातीत बोटभर खोल पुरा. वरची पट्टी वाळक्या वेलाबरोबर झाडलोटीत जाते, खालची राहते.